तान्ह्या बाळाचे लंगोट



आजच्या भाषणाचा विषय ऐकतांच कांहीं बंधूंचा हात रेडिओच्या कळीकडे गेला असेल, अशी मला शंका आहे. "हा बायकांचा विषय दिसतो," असें म्हणून ते उठण्याच्या बेतांत असतील. त्यांना माझी नम्र विनंती कीं, त्यांनीं जागचें हलूं नये. आज मी जें सांगणार आहें त्यांतील बराचसा भाग लंगोट कसला घ्यावा आणि तो कसा धुवावा याविषयींचा आहे. परंतु माझ्या मतें अधिक महत्त्वाचा भाग तो कोणीं धुवावा याविषयींचा आहे, आणि या दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर बंधुवर्गावांचून पुरें होत नाहीं.

विषय अगदीं घरगुती आहे हें मी जाणून आहें. परंतु तान्हें मूल पहिलीं दोन-अडीच वर्षें रात्रंदिवस ज्या वस्त्रांत असतें, त्याचा विचार क्षुल्लक कसा म्हणावा? आपल्याकडे बाळंतविड्यांत झबलीं, टोपडीं, कुंची, दुपटीं, लाळेरीं हें सारें हौसेनें येतें. झबल्यावर वेलबुट्टी असते, कुंचीला जर असते. लंगोट मात्र तळाशीं घडी करून ठेवलेले असतात. त्यांचें कोणी कौतुक करीत नाहीं. पण बारसें उरकलें, पाहुणे आपापल्या घरीं गेले, कीं दुसऱ्या दिवसापासून घर चालतें तें या तळच्या लंगोटांवर. त्यांच्या बाबतींत माझ्या हातून एक चूक झाली होती. तीही शेवटीं सांगणार आहें.

प्रथम कापडाचा विचार करूं. आमच्या आज्या बाळाच्या लंगोटासाठीं नवें कापड सहसा फाडीत नसत. वापरून वापरून मऊ झालेलें सुती लुगडें किंवा धोतर काढावें, त्याचे चौकोन करावे, कांठ दुमडून टीप मारावी, कीं लंगोट तयार. ही केवळ काटकसर होती असें पुष्कळांना वाटतें. वस्तुतः तींत मोठें शहाणपण होतें. कापसाच्या तंतूवर निसर्गतःच मेणासारख्या द्रव्याचा पातळ थर असतो, आणि विणण्यापूर्वीं सुताला खळही दिलेली असते. त्यामुळें कोरें कापड पाणी चटकन् शोषून घेत नाहीं. पाण्याचा थेंब त्यावर क्षणभर तसाच उभा राहतो. चार-सहा धुण्यांनंतर हा थर निघून जातो आणि मग त्याच कापडाची शोषणशक्ति वाढते. म्हणून आज दुकानांतून नवे सुती लंगोट आणले, तर ते बाळाला लावण्यापूर्वीं पांच-सहा वेळां गरम पाण्यांत धुवून वाळवावे. 'नवा लंगोट गळतो' ही तक्रार पुष्कळदां न धुतलेल्या लंगोटाची असते.

कापडांत मलमल सर्वांत मऊ आणि लवकर वाळणारी. परंतु तिची एकेरी घडी पुरत नाहीं, ती दुहेरी-चौपदरी घ्यावी लागते. मांजरपाट टिकाऊ खरा, पण पहिल्या महिन्याच्या नाजूक कातडीला तो खरखरीत लागतो. फ्लॅनेल उबदार असतें व थंडीच्या रात्रीं चांगलें उपयोगीं पडतें. टॉवेलासारखें फासेदार कापड पुष्कळ ओल धरतें, तसेंच तें वाळायलाही वेळ लावतें. हल्लीं बांबूचें कापड म्हणून जें विकतात, तें बहुधा बांबूच्या लगद्यापासून रासायनिक प्रक्रियेनें केलेलें रेयॉन असतें. तें मऊ असतें, ओलही चांगली धरतें. परंतु केवळ त्या नांवासाठीं दुप्पट दाम मोजण्याचें कारण नाहीं. मायक्रोफायबर नांवाचें कृत्रिम कापड ओल फार झपाट्यानें ओढतें. पण तें कातडीची स्निग्धताही ओढून घेतें आणि दाब पडतांच ओल परत सोडतें. म्हणून तें आंतल्या थरांत असावें, बाळाच्या अंगाला प्रत्यक्ष लागूं नये.

आतां घडणीचा विचार. बाजारांत आज नाना तऱ्हेचे लंगोट मिळतात, पण त्यांचे मुख्य प्रकार तीनच आहेत. पहिला, आपला साधा चौकोनी लंगोट आणि त्यावर पाणी न झिरपणारी वेगळी चड्डी. दुसरा, खिशाचा लंगोट. यांत बाहेरचें आवरण आणि आंतलें मऊ अस्तर यांच्यामध्यें एक खिसा असतो व त्यांत शोषक घडी सरकवायची असते. तिसरा, सर्व थर एकत्र शिवलेला; तो घालायला सर्वांत सोपा. बाहेरच्या आवरणाला हल्लीं बहुधा पॉलिएस्टरच्या कापडावर पॉलियुरेथेनचा पातळ पापुद्रा चिकटविलेला असतो. पूर्वींच्या रबरी चड्डींत वारा मुळींच खेळत नसे. त्या मानानें हें आवरण पुष्कळ बरें.

या आवरणाची एक हकीगत सांगण्यासारखी आहे. दुसरें महायुद्ध संपलें त्या सुमारास अमेरिकेंत मॅरियन डोनोव्हन नांवाच्या एका आईनें स्नानगृहाचा पाणरोधक पडदा कापून लंगोटावर घालण्याचें आवरण घरच्या शिवणयंत्रावर शिवलें. कारखानदारांनीं त्यांत रस घेतला नाहीं. तेव्हां १९४९ मध्यें तिनें तें स्वतःच न्यूयॉर्कच्या एका मोठ्या दुकानांत विक्रीस ठेवलें, आणि १९५१ मध्यें तिला त्याचें पेटंट मिळालें. धुणें जिच्या वाट्याला होतें तिलाच ही सुधारणा सुचली, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

तिसऱ्या प्रकाराचा सोपेपणा पाहून मात्र भुलूं नये. अनेक थर एकत्र शिवलेला जाड लंगोट मुंबईच्या किंवा कोंकणच्या पावसाळ्यांत दोन-दोन दिवस वाळत नाहीं, आणि अर्धवट वाळलेल्या लंगोटाला येणारा कुबट वास पुढें सहजासहजीं जात नाहीं. आपल्या हवेंत लंगोट किती ओल धरतो याइतकाच तो किती वेळांत वाळतो हाही प्रश्न विचारला पाहिजे. म्हणून पहिल्या तीन-चार महिन्यांसाठीं साधे चौकोनी लंगोट, आणि त्यांवर घालण्यास चार-पांच आवरणें, ही निवड मला सर्वांत शहाणपणाची वाटते. साठ-सत्तर सेंटिमीटरांचा चौकोन हवा तसा दुमडतां येतो. मूल वाढेल तशी घडी बदलते, लंगोट बदलावा लागत नाहीं. आणि मूल मोठें झालें कीं त्याचेंच घरांत फडकें होतें.

किती लंगोट असावे, असें पुष्कळ मुली विचारतात. हिशेब सोपा आहे. नवजात मुलाला दिवसाकाठीं दहा-बारा लागतात. एक डझन वापरांत, एक डझन धुण्यांत, एक डझन वलणीवर, असे तीन डझन साधे लंगोट असले म्हणजे पावसाळ्यांतही घर अडत नाहीं. उन्हाळ्यांत दोन डझनांवर भागतें. महागडे वीस-पंचवीस लंगोट पहिल्याच खेपेस एकदम घेऊं नयेत. दोन-तीन प्रकारांचे एकेक आणून आठवडाभर वापरून पाहावे आणि मग ठरवावें. कारण प्रत्येक मुलाच्या मांड्यांची ठेवण निराळी असते, आणि एकाला न गळणारा लंगोट दुसऱ्याला गळतो.

लंगोट बांधतांना तीन गोष्टी संभाळाव्या. नाळ गळून पडेपर्यंत, म्हणजे साधारणपणें पहिले एक-दोन आठवडे, पुढची कडा बेंबीच्या खालीं दुमडावी. म्हणजे नाळेला हवा लागते व ती कोरडी राहते. कमरेपाशीं दोन बोटें सहज आंत जातील इतका सैलपणा असावा. टांचणी वापरीत असाल तर टोंचतांना आपलीं बोटें लंगोट आणि बाळाचें अंग यांच्यामध्यें ठेवावीं, म्हणजे टोंचली तर ती आपल्याला टोंचेल. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि ती पायांची. जपानमध्यें पूर्वीं तान्ह्या मुलाचे पाय सरळ राहतील अशा रीतीनें लंगोट व कपडे बांधण्याची चाल होती. त्यामुळें खुब्याचा सांधा निखळण्याचें प्रमाण वाढतें, असें तेथील डॉक्टरांच्या ध्यानांत आलें व १९७५ च्या सुमारास त्यांनीं ही चाल सोडविण्याची मोहीम हातीं घेतली. त्यानंतर हें प्रमाण पुष्कळच खालीं आलें. आपल्याकडे मूल कडेवर घेतात, तेव्हां त्याचे पाय आपोआप फांकलेले राहतात. ही चाल खुब्याला हितकर आहे. मात्र तान्ह्याला दुपट्यांत गुंडाळतांना पाय सरळ ओढून घट्ट बांधण्याची संवय पुष्कळ घरांत आहे, ती सोडावी. बाळाचे पाय बेडकाच्या पायांसारखे वांकलेले आणि मोकळे राहिले पाहिजेत.

लंगोटाचें पुरळ केवळ ओलीमुळें उठतें, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ओल हें निम्मेंच कारण आहे. निरोगी कातडी किंचित् आम्ल असते. लघवी आणि शौच एकत्र मिसळून कांहीं वेळ राहिलीं म्हणजे जंतूंच्या क्रियेनें अमोनिया तयार होतो, कातडीची आम्लता नाहींशी होते आणि शौचांतील पाचक द्रव्यें तिच्यावर आपला अंमल सुरू करतात. ओलीनें ती मऊ पडलेली असतेच. ती लवकर सोलवटते. यावरून दोन नियम निघतात. शौच झाल्याबरोबर लंगोट बदलावा, त्यांत दिरंगाई नको. आणि नुसता ओला झालेला लंगोट जागेपणीं दोन-अडीच तासांच्या वर ठेवूं नये. साध्या कोमट पाण्यानें पुसावें. मुलीला नेहमीं पुढून मागें पुसावें. दिवसांतून कांहीं वेळ मूल उघडें खेळूं द्यावें, कारण वारा हें पुरळाचें पहिलें औषध आहे. पूर्वीं घरोघर बोरिक पावडर लावीत असत, ती मुळींच लावूं नये. सोललेल्या कातडींतून ती शरीरांत जाऊन बाळें दगावल्याचीं उदाहरणें वैद्यकीय इतिहासांत नमूद आहेत. टाल्कम पावडरही नको, ती श्वासावाटे फुप्फुसांत जाते. जांघेंत लालभडक पुरळ असेल व त्याच्या भोंवतीं बारीक ठिपके दिसत असतील, तर ती बुरशी असण्याचा संभव असतो. तेव्हां घरगुती उपायांत वेळ न दवडतां डॉक्टरांना दाखवावें.

कापडी लंगोटाचा एक गुण असा कीं, बाळानें किती वेळां ओलें केलें हें आईला सहज कळतें. 'माझें दूध बाळाला पुरतें कीं नाहीं,' या चिंतेनें पुष्कळ नव्या आया पोखरून निघतात. पहिला आठवडा उलटल्यावर अंगावरचें दूध पोटभर पिणारें मूल चोवीस तासांत निदान सहा लंगोट चांगले भिजवितें. तितके भिजत असतील आणि बाळाचें वजन वाढत असेल, तर आईनें शेजारणींच्या बोलण्याकडे लक्ष देऊं नये. त्याहून कमी भिजत असतील, लघवी गडद पिवळी असेल किंवा मूल सुस्त पडून राहत असेल, तर मात्र त्याच दिवशीं डॉक्टरांकडे जावें.

आतां धुण्याकडे वळूं. शौच प्रथम संडासांत टाकून लंगोट थंड पाण्यांत खळबळून घ्यावा. येथें पुष्कळजणी एकदम कढत पाणी ओततात, ती चूक आहे. उष्णतेनें डागांतील प्रथिनें घट्ट होऊन धाग्यांत बसतात. थंड पाण्यानें मळ निघाला कीं मग साठ अंशांच्या आसपासचें गरम पाणी आणि नेहमींची कपडे धुण्याची पूड घ्यावी. पूड फार थोडी झाली तर मळ राहतो व अमोनियाचा उग्र वास येऊं लागतो. फार झाली तर ती कापडांत राहून कातडीला झोंबते. तेव्हां ती मापानें घालावी आणि पाणी स्वच्छ निघेपर्यंत लंगोट खळबळावे. बोअरिंगच्या जड पाण्यानें लंगोट पत्र्यासारखे कडक होतात. शक्य तर शेवटचें पाणी तरी नळाचें घ्यावें. कपड्यांना मऊपणा आणणारे जे सुवासिक द्रव मिळतात, ते येथें वर्ज्य समजावे. ते धाग्यांवर लेप चढवितात आणि लंगोट पाणी शोषीनासा होतो. खळ नको, नीळ नको. पुरळासाठीं जस्ताचें मलम लावलें असेल तर त्याचाही लेप बसतो. म्हणून मधें जुन्या मलमलीचा तुकडा घालावा. खळबळलेले लंगोट सांठवायला झांकणाची कोरडी बादली पुरे. पाण्याची भरलेली बादली नको, कारण घरांत रांगतें मूल असेल तर त्याला तींत बुडण्याचा धोका असतो.

वाळविण्यासाठीं उन्हासारखें साधन नाहीं. ऊन जंतु कमी करतें व पिवळे डागही उडवितें. राहिलेला डाग ओला असतांनाच उन्हांत टाकला तर संध्याकाळपर्यंत फिका पडलेला दिसतो. पावसाळ्यांत पूर्वीं शेगडीवर टोपली पालथी घालीत, निखाऱ्यांवर ओवा-वेखंड टाकीत आणि त्या धुरीवर लंगोट वाळवीत. उबेचा हेतु योग्य होता. पण धूर तान्ह्याच्या फुप्फुसांना बाधतो. त्याऐवजीं लंगोट एकमेकांना न चिकटतील असे पंख्याखालीं पसरावे आणि शेवटची दमट ओल इस्त्रीनें काढावी.

एक गोष्ट आवर्जून सांगतें, कारण तींत जिवाचा प्रश्न आहे. थोरल्याचे लंगोट आणि दुपटीं जपून ठेवून धाकट्याला वापरणें ही आपली फार चांगली चाल आहे. पण तीं पेटींत ठेवतांना डांबराच्या गोळ्या टाकण्याची चाल घातक आहे. ज्या गोळ्यांत नॅफ्थलीन असतें, त्यांतील तें द्रव्य कपड्यांत मुरतें. रक्तपेशींतील 'जी-सिक्स-पीडी' नांवाच्या एका द्रव्याची कांहीं बाळांना जन्मतःच कमतरता असते. अशा बाळाच्या तांबड्या पेशी नॅफ्थलीनमुळें फुटूं लागतात. कावीळ एकाएकीं इतकी चढते कीं मेंदूला इजा पोंचूं शकते, प्रसंगीं बाळ दगावतें. ही कमतरता आपल्या देशांत दुर्मिळ नाहीं, आणि बाळाकडे पाहून ती ओळखूं येत नाहीं. तेव्हां बाळाच्या कपड्यांजवळ डांबराची गोळी नको. अशा पेटींतून निघालेले कपडे नवजात बाळाला वापरूं नयेत. ते आजीच्या हातचे असले तरी वापरूं नयेत. लंगोट पूर्ण वाळवून सुती पिशवींत ठेवावे आणि वर्षांतून दोनदां त्यांना ऊन दाखवावें.

आतां एकदां वापरून टाकण्याच्या डायपरविषयीं. त्याला नांवें ठेवण्यासाठीं मी येथें आलें नाहीं. त्यांतील दाणेदार द्रव्य आपल्या वजनाच्या कितीतरी पट ओल कोंडून धरतें आणि बाळाचें अंग कोरडें राखतें. प्रवासांत, आजारपणांत, रात्रीच्या झोंपेसाठीं तो उपयोगी आहे, हें मान्य केलेंच पाहिजे. पण तो टाकला म्हणजे नाहींसा होत नाहीं. तो दुसऱ्या कोणाच्या तरी हातांत जातो. घनकचऱ्यासंबंधींच्या २०१६ सालच्या केंद्रीय नियमांत, असा कचरा नीट गुंडाळूनच द्यावा, असें स्पष्ट म्हटलें होतें. पुण्यांतील 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेनें नागरिकांना अशी विनंती केली कीं, डायपर कागदांत गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढावा, म्हणजे पुडी न उघडतां आंत काय आहे तें कळेल. हा लाल ठिपका कां लागावा, याचा श्रोत्यांनीं विचार करावा. आपण नाक मुरडून जें बादलींत टाकतों, तें निवडणाऱ्या बाईच्या हाताला लागत होतें, म्हणून.

मग कापड वापरलें म्हणजे सारें पुण्य पदरांत पडलें काय? तसेंही नाहीं. इंग्लंडमधील एन्व्हायर्नमेंट एजन्सी या सरकारी संस्थेनें २००८ सालीं एक हिशेब प्रसिद्ध केला. एका मुलाच्या अडीच वर्षांच्या डायपरांमुळें हवेंत जाणारे उष्णतावर्धक वायु कर्बवायूच्या मापानें सुमारें ५५० किलो भरले, आणि तेथील सरासरी पद्धतीनें धुतलेल्या कापडी लंगोटांमुळें सुमारें ५७० किलो! मात्र यंत्र पुरेसें भरून धुतलें, लंगोट नेहमीं बाहेर दोरीवर वाळविले आणि तेच पाठच्या भावंडाला वापरले, तर कापडाचा आंकडा चाळीस टक्क्यांनीं खालीं येतो, असें त्याच अहवालांत आहे. यांतील मर्म आपल्या गृहिणींना नवें नाहीं. गुण कापडांत नाहीं, तो धुण्याच्या आणि वाळविण्याच्या रीतींत आहे. वलणी, ऊन आणि थोरल्याचे कपडे धाकट्याला, या आपल्या जुन्याच चाली आहेत.

आणि आतां माझी चूक. माझें पहिलें मूल १९८४ च्या जुलै महिन्यांत माहेरीं, गिरगांवच्या चाळींत झालें. दोन खोल्या, पहांटेचें नळाचें पाणी, आणि बाहेर संतत धार. माझ्या आईनें सव्वा महिना सारे लंगोट धुतले. खोलीभर दोऱ्या बांधल्या होत्या. आमचे यजमान भेटायला येत तेव्हां एकाही लंगोटाला डोकें लागूं नये म्हणून वांकून चालत. त्या सव्वा महिन्यांत लंगोट धुणें हें काम आहे असें मला वाटलेंच नाहीं, कारण तें मला दिसलेंच नाहीं. पहांटे जाग येई तेव्हां आईचा हात पाण्यांत असे, आणि मी कूस बदलून पुन्हां झोंपत असें.

पुढें २०२१ मध्यें मला नात झाली. मी मोठ्या उत्साहानें तीन डझन लंगोट शिवून घेतले, पांच वेळां धुतले आणि सुनेला बजावून सांगितलें कीं, आपल्या घरांत कापडच वापरायचें. ती मुकाट्यानें हो म्हणाली. तिचें बाळंतपण शस्त्रक्रियेनें झालें होतें. विसाव्या-बाविसाव्या दिवशीं रात्रीं दोन वाजतां मी पाणी प्यायला उठलें, तों न्हाणीघरांत दिवा दिसला. सून पाटावर बसून एका हातानें लंगोट खळबळीत होती. दुसरा हात पोटाच्या टांक्यांवर होता. मुलगा आंत गाढ झोंपला होता. मी म्हटलें, "अगं, सकाळीं नसतें का झालें?" ती म्हणाली, "आई, लंगोटांचा मला कंटाळा नाहीं. पण नेम सगळ्या घराचा आणि धुणें माझ्या एकटीचें, एवढेंच मनाला लागतें."

मला तत्क्षणीं माझी आई आठवली. जें काम स्वतः करायचें नाहीं त्याचा आग्रह धरणें किती सोपें असतें, हें मला वयाच्या साठीनंतर कळलें.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं आम्हीं चौघांनीं बसून वांटणी केली. रात्रीं एक डायपर लावायचा आणि सर्वांनीं झोंपायचें. संडासांत टाकून खळबळण्याचें काम मुलाचें, सकाळ-संध्याकाळ. यंत्र लावणें माझें. वाळत घालणें यजमानांचें. आणि चाळींत वांकून चालणारे तेच गृहस्थ लंगोटांचीं टोकें जुळवून, दोहोंत चार बोटें अंतर ठेवून ते वलणीवर घालूं लागले. घड्या दुपारीं ज्याला सवड असेल त्यानें करायच्या. सुनेकडे पहिले दोन महिने एकच काम, बाळाला दूध पाजणें आणि स्वतः विश्रांति घेणें. नातीनें दीड वर्षभर तेच लंगोट वापरले, आणि ते आतां पुढच्या बाळाची वाट पाहत पिशवींत आहेत.

ज्या घरीं कामाला बाई येते तेथें हें काम तिच्यावर परस्पर ढकलूं नये. तिला आधीं विचारावें, त्याचे पैसे निराळे द्यावे, हातमोजे द्यावे; आणि शौच काढून पहिलें खळबळणें घरच्या माणसानेंच करावें. ज्या घरीं पाण्याची टंचाई आहे, आई आजारी आहे, किंवा मदतीला कोणीच नाहीं, तेथें आईनें डायपर वापरले तर तिला कोणी दोष देऊं नये. तो कागदांत गुंडाळून, खूण करून द्यावा, एवढेंच. कापड चांगलें खरें. पण तें एका बाईचें शरीर झिजवून मिळवायचें नसतें.

तेव्हां बंधूंनो, यापुढें कोणाच्या घरीं बाळंतविडा न्यायचा असेल, तर झबलीं दोन कमी न्या आणि दोन डझन धुतलेले, मऊ झालेले लंगोट न्या. आणि तें घर आपलें स्वतःचेंच असेल, तर सकाळची बादली उचला.